मेंढ्याईच्या जंतावर झाडपाला खरंच चालते का, का नुसतं यूट्यूबचं ज्ञान हाय?

कारंजेकर_मेंढके

राम राम मंडळी. पोस्ट लांब हाय पण पुरी वाचजा.

माह्याजोळ सत्तरेक दख्खनी मेंढ्या हायेत, तालुका कारंजा, जिल्हा वाशीम. शेती कमी, सारं चराईवर. उन्हाळ्यात काई त्रास नसते, लोकाईच्या वावरात खतासाठी बसवतो, चार पैसे भेटते, मेंढ्याही बऱ्या रायते. पण पानी पडून हिरवं झालं का दरसाल तोच राडा सुरू. दोन-चार मेंढ्या कळपाच्या मांगं रायाले लागते, लोकर उतरते, मंग जबड्याखाली पान्याची थैली लोंबते, सकायी कमी दिसते अन चरून आल्यावर संध्याकाई मोठी दिसते. काहीची लेंडी पातळ, शेपटीखाली सारं भरलेलं. कोकराईचं तर इचारूच नका.

मेडिकलवाल्याकडून तीच अल्बेंडाझोलची बाटली आणतो अन झाडून साऱ्याईले एकाच मापानं पाजतो, लहान असो का मोठी. पह्यले मस्त गुण येत होता, आता पाजलं का थोडे दिवस बरं वाटते अन पोळ्यापर्यंत परत तेच. बाटलीचे पैसे गेले ते गेले, वरून मेंढी जाते.

आता मुद्द्याचं. पुतण्यानं मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, अमेरिकेतला मेंढीवाला कोणतं तरी झुडूप वावरात लावते अन मेंढ्या त्याच्यावर चारते, म्हणते याच्यात टॅनिन असते त्यानं पोटातले जंत कमी होते, औषध कमी लागते. नाव लेस्पेडेझा का कायतरी. ते बी आपल्याकडं कुठं भेटणार बावा. पण टॅनिन म्हणजे तुरटपणाच ना? मंग आपली बाभूय, आपला पयस काय कमी तुरट हाय? आमची आजी आमाले लहानपनी जंत झाले का पयसपापडी, म्हंजे पयसाचं बी, द्यायची. माह्या आजूबाजूले बाभूय, हिवर, बोर, पयस, कडूलिंब, सुबाभूय, उंबर सारं हाय अन फुकटचं हाय.

तर कोणतं झाड, किती चाराचं, कव्हा चाराचं, अन याच्या भरोशावर बाटली बंद करता येते का? ज्यानं करून पायलं त्यानं सांगजा. गूगल करून नका सांगू बाप्पा, ते माह्या पुतण्यालेही येते.

मेहकरचा_धनगर

भाऊ, आमचा बाप पावसाळ्यात झुंजुरकाच मेंढ्या कधी सोडत नव्हता. ऊन निघून गवतावरचं दव सुकलं का मंग वाडा उघडे. तोवर आकडीनं बाभयीचे बोराचे डहाळे पाडून वाड्यातच टाके, मेंढ्या ते वरबडत बसे. आता पोट्टे सात वाजताच मेंढ्या हाकलते अन दहा वाजता झाडाखाली मोबाईल घेऊन झोपते.

दुसरं म्हणजे नाल्याकाठचं, तलावाच्या गाळपेरातलं लुसलुशीत गवत. मेंढी तिकडंच पळते. आम्ही श्रावण-भादव्यात मेंढ्या बरडावर, माळावर ठेवतो, गवत कमी भेटते पण पाय कोरडे रायते अन पोटही बरं रायते.

पयसपापडी आम्हीही देतो, कुटून गुळात. पण जपून, जास्त झाली का मेंढी हागून हागून गयाटते. बाकी डॉक्टर लोकं सांगतील.

ढोरडॉक्टर_यवतमाळ

मी सरकारी नाही, खाजगी प्रॅक्टिस करतो, मेंढ्या-बकऱ्या रोज हाताखालून जातात म्हणून लिहितो. मोठं होईल, सांभाळून घ्या.

कारंजेकर भाऊ, आधी जंत कोणता ते बघू, कारण "जंत" म्हणून एकच प्राणी नसतो आणि झाडपाल्याचा जो काही फायदा आहे तो एका गटावरच आहे. जबड्याखाली पाणी उतरणं म्हणजे रक्त आणि रक्तातलं प्रथिन कमी झालं. आपल्या भागात पावसाळ्यात मेंढीला असं झालं तर पहिला संशय हिमॉन्कस नावाच्या गोलकृमीवर घ्यायचा. हा मेंढीच्या चौथ्या पोटात राहतो आणि रक्त पितो. मेलेली मेंढी कापली तर चौथं पोट उघडून बघा, दोन-तीन सेंटिमीटरचे बारीक दोऱ्यासारखे वळवळताना दिसतात, मादीच्या अंगावर लाल-पांढरा पीळ असतो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घालवतो, ऐकायला काहीच नाही, पण पोटात हजार जंत म्हणजे रोज ५० मिली, आणि तीस किलोच्या मेंढीच्या अंगात रक्तच मुळात दोन लिटरच्या आसपास असतं. आता हिशोब करा.

गंमत अशी की नुसत्या हिमॉन्कसनं सहसा हगवण लागत नाही, उलट लेंडी घट्ट राहते म्हणून मालकाला पत्ताच लागत नाही. तुमच्याकडे पातळही होतं म्हणता, म्हणजे सोबत आतड्यातले दुसरे गोलकृमी असतील, नाहीतर नाल्याकाठच्या चराईतून चपटे कृमी आले असतील, आणि कोकरांत रक्ताळलेली हगवण असेल तर ते कॉक्सिडिया, त्यावर जंताचं कुठलंच औषध चालत नाही, त्याचं औषध वेगळं. चपट्यांमध्ये यकृतातला पर्णकृमीही आला, त्याच्यानंही रक्त कमी होतं, जबड्याखाली पाणी येतं. तो गोगलगायीतून येतो. त्याला ना बाभूळ काही करत, ना अल्बेंडाझोलचा गोलकृमीसाठी दिलेला डोस. म्हणून लेंडी तपासल्याशिवाय मी कुणाला "हे द्या" म्हणत नाही.

आता औषध देऊन थोड्याच दिवसांत परत का होतं. हिमॉन्कसची मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते. लेंडीतून अंडी पडली की आपल्या पावसाळी उकाड्यात आठवड्याभरात त्यातून मेंढीला लागण करणारी अळी तयार, ती दवाच्या-पावसाच्या ओलीवरून गवतावर चढते, बहुतेक जमिनीपासून चार बोटांच्या आतच राहते, आणि मेंढीचं तोंड नेमकं तिथंच. गिळल्यापासून तीनेक आठवड्यांत ती अळी मोठी होऊन स्वतः अंडी घालायला लागते. म्हणजे तुम्ही आज पाजलं आणि उद्या त्याच कुरणात सोडलं तर महिन्याच्या आत गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर. मेहकरच्या काकांनी दव सुकल्यावर सोडायचं सांगितलं त्याला हा आधार आहे. आपला उन्हाळाही यात आपल्या बाजूनं आहे, ४५ अंशात उघड्या रानावर अळी टिकत नाही, जंत तेव्हा फक्त मेंढीच्या पोटात दडून बसलेले असतात, पाऊस पडला की परत रान भरतात.

हे झालं एक कारण. दुसरं कारण असं की जंत त्या औषधाला सरावलेले असू शकतात. वर्षानुवर्षं एकच औषध, आणि सगळ्यांना एक माप म्हणजे मोठ्या मेंढीला डोस कमी, कमी डोसमध्ये जे वाचतात तेच पुढं पिलावळ वाढवतात. मेंढ्यांमधले जंत अल्बेंडाझोलच्या गटाला दाद देत नाहीत हे भारतातल्या बऱ्याच फार्मवर दिसलेलं आहे, तुमच्या कळपातही असंच आहे का ते तपासूनच कळेल.

टॅनिनवर येतो. व्हिडिओतलं झुडूप सेरिसिया लेस्पेडेझा. मूळ पूर्व आशियातलं, अमेरिकेत १८९६ ला नॉर्थ कॅरोलिनात पहिल्यांदा लावून बघितलं, पुढं जमिनीची धूप थांबवायला लावत गेले. तिकडच्या दक्षिणेकडच्या राज्यांत हवा दमट गरम, हिमॉन्कस तिथंही डोकेदुखी, आणि तिथं औषधं निकामी व्हायला लागल्यावर लोकांनी हे चारून बघितलं. ताजं चरवा, वाळवून द्या, नाहीतर गोळी पेंड करून द्या, लेंडीतली अंडी कमी होतात असं बऱ्याच प्रयोगांत आलं आहे. त्यात जे असतं त्याला कंडेन्स्ड टॅनिन म्हणतात. ते दोन वाटांनी काम करतं. एक तर थेट जंताला आणि अळीला चिकटतं, मादीची अंडी कमी होतात, लेंडीतली अंडीही नीट उबत नाहीत. दुसरं म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात चाऱ्यातलं प्रथिन धरून ठेवतं, तिथल्या जिवाणूंना खाऊ देत नाही, आणि पुढं चौथ्या पोटातल्या आम्लात सोडून देतं, त्यामुळं मेंढीला प्रथिन जास्त मिळतं आणि तिची स्वतःची ताकद वाढते. हे टॅनिनमुळंच होतं याची खात्री करायला प्रयोगात पॉलिइथिलीन ग्लायकॉल देतात, ते टॅनिनला बांधून टाकतं, आणि ते दिलं की फायदाही बराचसा गायब होतो.

पण प्रमाणाचं बघा. खाण्यातल्या कोरड्या भागाच्या दोन ते चार टक्के टॅनिन असेल तर बरं, पाच-सहाच्या वर गेलं की मेंढी खाणं सोडते, पचन बसतं, वजन उतरतं. झाडाच्या पानात किती आहे ते ऋतूवर, पानाच्या वयावर, जमिनीवर बदलतं, त्यामुळं किलो-ग्रॅमचं गणित फोरमवर सांगणारा माणूस दिसला तर हसून पुढं जा.

तुमच्या झाडांचं पुढच्या पोस्टमध्ये लिहितो, एक बकरी अडलेली आहे, जाऊन येतो.

तिखट_वऱ्हाडी

डॉक्टर बकरी सोडवून येईपर्यंत मी बोलून घेतो. मी दारव्ह्याचा. कडूलिंबाचा पाला चारून चारून माह्या घरचं झाड बोडकं झालं, जंत काई कमी झाले नाही. लोकं म्हणते कडू हाय म्हणजे जंत मरते. अरे कडू तर कारलंही हाय.

अन दुसरी गोष्ट, बकरी पाला खाते म्हणून तिले जंत कमी असं सारे सांगते, मले वाटते पाल्यात औषध-बिवषध काई नाही, पाला उंचावर असते अन अळी बुडाशी, बस एवढंच. बकरी मान वर करून खाते, मेंढी बुड खरवडते. बकरीले गवतावर बांधून पाहा, मेंढीहून बेकार हाल होते तिचे.

ढोरडॉक्टर_यवतमाळ

आलो. जुळी झाली, दोन्ही जिवंत.

तिखट भाऊ, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला शंभर पैकी शंभर. पाला चारण्याचा अर्धा फायदा तर याचाच आहे की तेवढा वेळ तोंड जमिनीपासून लांब राहतं, ज्या दिवशी तीन तास डहाळ्यावर गेले त्या दिवशी तेवढ्या अळ्या कमी गेल्या, टॅनिन असो नसो. आणि बकरीचंही बरोबर, जंताशी लढायची ताकद तिच्यात मेंढीपेक्षा कमीच असते, पाला खाते म्हणून निभतं. कडूलिंबावरचे निकाल कुठं बरे कुठं शून्य असे आहेत, मी त्याच्या भरोशावर कुणाची मेंढी ठेवणार नाही, चारा म्हणून थोडा द्यायला हरकत नाही.

बाभूळ. इथं लोक फसतात. झिम्बाब्वेत बकऱ्यांवर प्रयोग झाला होता, त्यात तिकडच्या कारू बाभळीच्या पाल्यानं अंडी आणि जंत कमी झाले, पण आपली जी देशी बाभूळ, तीच जात तिथंही दिली होती, तिच्या पाल्यानं काही फरक पडला नाही. कारण तुरट असलं तरी टॅनिन एका जातीचं नसतं. आपल्या बाभळीत पाण्यात फुटणारं टॅनिन जास्त, लेस्पेडेझात जे आहे ते वेगळं. आता पाकिस्तानात बाभळीच्या शेंगांचा अर्क मेंढ्यांना पाजून अंडी बरीच कमी झालेली आहेत, पण अर्क काढून वजनावर पाजणं वेगळं आणि वाड्यात शेंगा फेकणं वेगळं. तरी मी शेंगा द्या म्हणीन, प्रथिन चांगलं असतं आणि उन्हाळ्यात फुकट पडलेल्या असतात. वाळवून, कुटून, खुराकात थोड्या.

पळसाच्या बियांत पॅलासोनिन म्हणून घटक आहे, जंतावर काम करतो, मेंढ्यांवर बियांची पूड देऊन अंडी कमी झाल्याचा प्रयोगही झालेला आहे. आजी बरोबर होती. पण ते औषध आहे, चारा नाही, मात्रा चुकली तर हगवण, गाभण मेंढीला तर हातही लावू नका.

वडा-उंबराच्या गोतातला पाला मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. बरेलीजवळ इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेत पाखर, म्हणजे पिंपळासारखंच एक झाड, त्याचा पाला आणि पेरूचा पाला वाळवून, पूड करून खुराकात मिसळून हिमॉन्कस झालेल्या कोकरांना दिला होता, अंडी कमी झाली, वाढही बरी झाली. खुराकात कंडेन्स्ड टॅनिन दीडेक टक्काच ठेवलं होतं. पेरूची छाटणी करता ना काटोल-नरखेडकडं? संत्र्यासोबत पेरूच्या बागा वाढल्यात आता तिकडं, तो पाला जाळतात लोक.

हिवर जपून. कोवळा पाला आणि हिरव्या शेंगा उपाशी पोटी भरपूर खाल्ल्या तर किरळ लागल्यासारखी विषबाधा होते, कोवळ्या ज्वारीनं होते तीच.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, बाटली बंद करता येते का. ज्या मेंढीच्या जबड्याखाली थैली लोंबते तिला पाल्यानं वाचवता येत नाही, तिला आजच चालणारं औषध पाहिजे. पाला हा ज्या अजून उभ्या आहेत त्यांच्यासाठी, आणि रानात पडणारी अंडी कमी व्हावी यासाठी. बाटली बंद नाही, बाटली कमी.

धुऱ्यावरची_शेवरी

मी आर्वीची, जिल्हा वर्धा. बकऱ्या जास्त, मेंढ्या थोड्या. गूगल करून नाही सांगत दादा, धुऱ्यावर लावलंय म्हणून सांगते.

माझ्याकडं धुऱ्यानं शेवरी, सुबाभूळ आणि दशरथ घास आहे. दशरथ घासात टॅनिन असतं, पण तेवढं जास्त नाही की जनावर तोंड फिरवेल, मेंढ्या तर त्याच्यासाठी कुंपण तोडतात. एकदा लागला की तीन-चार वर्षं कापत राहायचं, पावसाळ्यात दीड-दोन महिन्यानं एक कापणी निघते, बुडाशी वीतभर सोडून कापा म्हणजे फुटवे चांगले येतात. माझी पद्धत अशी की सकाळी दव आहे तोवर जनावर वाड्यातच, कापलेला पाला उंच गव्हाणीत टाकायचा, जमिनीवर टाकला की लेंडी-मुतात मिसळतो आणि सगळ्या खटाटोपाचा काही उपयोग राहत नाही. ऊन चढलं की चरायला. संध्याकाळी लवकर आत.

सुबाभूळ मेंढ्यांना जास्त देऊ नका, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आतच बरी. त्यात मायमोसिन असतं, जास्त झालं की लोकर गळते, वाळवून दिली तर त्रास कमी. आमच्या शेजारच्याच्या मेंढ्या नुसत्या सुबाभळीवर होत्या, अंगावरून लोकर अशी हातात येत होती.

एक सांगू का, माझ्या मते पाल्याइतकाच फरक खुराकानं पडतो. व्यायच्या आधीचे काही आठवडे आणि दूध देताना मेंढीच्या अंगातली ताकद कमी होते आणि ती अंडी भरमसाठ टाकते, कोकरांना तिथूनच लागण होते. त्या वेळेला तिला मूठ-दोन मूठ सरकीची ढेप नाहीतर तुरीची चुरी द्या. आमच्याकडं लोक बोकडाला खाऊ घालतात बकरीदसाठी, आणि व्यालेल्या मेंढीला कुटारावर ठेवतात. आता काय बोलायचं.

कारंजेकर_मेंढके

डॉक्टर साहेब, ताई, काका, साऱ्याईचे लय आभार. तिखट भाऊचेही.

डोयाच्या पापणीवरून समजते असं कोणीतरी बोललं होतं मले, ते कसं पाहाचं? अन बारा-पंधरा मेंढ्या गाभण हायेत, त्याईले अल्बेंडाझोल चालते का? अजून एक, गावातला एक जण म्हणते मोरचूद पान्यात टाकून पाजा, जुने लोकं तेच करत, सस्तं हाय. अन तंबाखूचं पानीही म्हणते.

ढोरडॉक्टर_यवतमाळ

मोरचूद नको. एकेकाळी साहेबाच्या राज्यातही मोरचुदाचं पाणी जंतासाठी पाजत, खोटं नाही ते, पण मोरचुदात तांबं असतं आणि मेंढीला ते जराही जास्त सोसत नाही, यकृतात साचत जातं आणि एक दिवस लघवी लाल होऊन मेंढी आडवी. बकरी सोसते म्हणून मेंढी सोसेल असं नाही. तंबाखूच्या पाण्यात किती निकोटीन उतरलं ते पाजणाऱ्याला माहीत नसतं, मेंढी थरथरून मरते. त्या गाववाल्या माणसाला आधी स्वतः पी म्हणा.

पापणी. अंगठ्यानं खालची पापणी खाली ओढा, वरच्या पापणीनं डोळा हलका दाबा, आतला रंग उजेडात बघा, सावलीत नाही. लालभडक म्हणजे ठीक, गुलाबी म्हणजे बघत राहा, फिकट गुलाबी, पांढरट म्हणजे औषध. दक्षिण आफ्रिकेत याचं पाच रंगांचं कार्ड काढलं, फमाचा म्हणतात, १ म्हणजे लाल, ५ म्हणजे कागदासारखं पांढरं. ४ आणि ५ ला औषध द्यायचंच, ३ ला कोकरू, व्यालेली किंवा हडकलेली असेल तर द्यायचं, १-२ ला सोडून द्यायचं. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी बघा, पाऊस लागून राहिला तर त्याच्याही आधी. हे रक्त पिणाऱ्या जंतापुरतंच, हगवणीचे जंत यात दिसत नाहीत.

सगळ्यांना पाजायचं नाही याचं कारण ऐका. कळपात थोड्याच मेंढ्या बहुतेक जंत घेऊन फिरतात. त्यांना औषध दिलं की रानातली बरीचशी अंडी थांबतात. आणि ज्यांना दिलं नाही त्यांच्या पोटातले जंत औषधाला सरावलेले नाहीत, त्यांची पिल्लं रानात राहिली म्हणजे सरावलेल्यांचीच पैदास वाढत नाही. लोकांना हे उलटं वाटतं, जंत मुद्दाम का ठेवायचे म्हणून भांडतात माझ्याशी.

आणखी एक बघा, दोन-तीन पावसाळे अशी पापणी बघत गेलात की कोणत्या मेंढीला दरवेळी औषध लागतं ते कळतं. ती बाजारात काढा. जिला कधीच लागत नाही तिच्या पोटचा नर ठेवा. हे कुठल्याही पाल्यापेक्षा जास्त चालतं, फक्त कुणाला वाट बघायची नसते.

गाभण मेंढी. लागल्यापासून पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल नाही, पिल्लात व्यंग येतं. नर कळपातच मोकळा असेल तर कोणती कधी लागली ते तुम्हाला कळणार नाही, म्हणून त्यांच्यासाठी औषध जवळच्या डॉक्टरला विचारून बदला. डोस वजनावर द्या, तराजू नसेल तर धान्याचा काटा चालतो, आणि अंदाज लावायचाच तर सगळ्यात भारी मेंढीचा लावा. पाजताना तोंड आभाळाकडे करू नका, औषध छातीत जातं, पिचकारी गालाच्या बाजूनं जिभेच्या मागं.

आणि लेंडी तपासा. दहाएक मेंढ्यांची, जमिनीवरची उचलू नका, हातमोजा घालून थेट मागून काढा, वेगवेगळ्या पिशवीत, हवा दाबून काढून, नंबर टाकून, बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवून त्याच दिवशी पोचवा, उष्ण ठेवलं की अंडी उबतात आणि मोजणी चुकते. तुम्हाला अकोला जवळ, तिथं पदव्युत्तर पशुवैद्यकीय संस्था आहे, नागपूरलाही पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. औषध द्यायच्या दिवशीची आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी त्याच मेंढ्यांची, अशी दोनदा. अंडी ९५ टक्क्यांहून कमी घटली तर समजा ते औषध तुमच्या कळपात थकलं, गट बदलायचा. मेडिकलवाल्यानं दुसऱ्या कंपनीची बाटली दिली म्हणजे गट बदलला असं नसतं, आतलं नाव वाचा.

तिखट_वऱ्हाडी

हे नाव वाचायचं बेस्ट सांगितलं. माह्या घरी चार रंगाच्या चार बाटल्या होत्या, साऱ्यात अल्बेंडाझोल नाहीतर फेनबेंडाझोल.

ढोरडॉक्टर_यवतमाळ

दोन्ही एकाच गटातली. एकाला जंत दाद देईना की दुसऱ्यालाही सहसा देत नाहीत.

कारंजेकर_मेंढके

ठरलं मंग. अकोल्याले जातो लेंड्या घेऊन. बाभयीच्या शेंगा उन्हाळ्यात गोया करून ठेवीन, उंबर तर नाल्यावर भरपूर हाय, तो पाला सुरू करतो सकायच्या टायमाले वाड्यात. ताई, दशरथ घासाचं बी कुठं भेटते? अन मी एकदा टाकलं होतं कोणाकडून आनून, दाणाही उगवला नाही.

धुऱ्यावरची_शेवरी

बी कृषी विद्यापीठात विचारा अकोल्यालाच, लेंड्या द्यायला जाल तेव्हा. नाही मिळालं तर मला सांगा, माझ्याकडं शेंगा पिकल्या की मी ठेवते थोडं, पण शेंग तडकायच्या आधी तोडावी लागते, नाहीतर सगळं मातीत.

उगवलं नाही कारण त्याचं टरफल कडक असतं. पाणी उकळून खाली उतरवा, जरा वाफ जाऊ द्या, ८० अंशाच्या आसपास, त्यात बी तीन-चार मिनिटं टाका आणि लगेच गार पाण्यात घ्या. मग रात्रभर भिजवून दुसऱ्या दिवशी पेरा. सुबाभळीलाही हेच करतात. वरवर पेरा, अर्धा इंचाच्या खाली गेलं तर निघत नाही, आणि पहिल्या दोन महिन्यांत गवत काढत राहा, सुरुवातीला फार हळू वाढतं, त्यातच लोक नांगरून टाकतात. पहिल्या वर्षी त्याच्यावर मेंढ्या सोडू नका, मुळासकट उपटतात.